डाव्या हाताला समुद्र : हुक व्हॅन हॉलंड ते डेन हेल्डर, सायकलवर

रानजाई

मागे कुणाच्या तरी धाग्यावर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, "नेदरलँड्सचा किनारा पोळपाटासारखा सपाट, त्यात कसली आलीय सायकलस्वारी." ते वाक्य आज जाहीरपणे गिळते. हुक व्हॅन हॉलंड ते डेन हेल्डर, तीन दिवस, दीडशेच्या आसपास किलोमीटर, मी आणि नवरा. या जूनमध्ये पार पडलं. गेल्या ऑगस्टमध्ये अर्ध्यात सोडलं होतं.

ते ऑगस्टचं आधी सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. आमचं घर दक्षिणेकडे. त्यामुळे ट्रेनने आधी वर डेन हेल्डरला जायचं आणि सायकल चालवत खाली घराकडे यायचं, असा बेत. शेवटच्या दिवशी थेट आपल्या दारात उतरणार, किती छान! खोल्या तीन महिने आधी बुक केलेल्या. स्टेशनातून सायकली बाहेर काढल्या तर समोरचे झेंडे ताठ, आणि सगळे आमच्या दिशेने फडफडतायत. नैर्ऋत्येचा वारा. पेटेनच्या बांधावर पोचेपर्यंत सपाट रस्त्यावर, सगळ्यात हलक्या गिअरवर, ताशी नऊ. पॅडल मारणं थांबवलं की सायकल चार हातांत थांबायची. नवरा तासभर एक शब्द बोलला नाही, मीही नाही. बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कास्ट्रिकमला ट्रेन धरली आणि घरी येऊन झोपलो.

या वेळी एकच नियम केला: दिशा आपण ठरवायची नाही. निघायच्या आदल्या दिवशी वारा बघायचा आणि मग कुठल्या टोकाला जायचं ते ठरवायचं. खोल्याही फुकट रद्द करता येतील अशाच घेतल्या, चार पैसे जास्त गेले तरी. अंदाज नैर्ऋत्येचाच निघाला, म्हणून हुकहून सुरुवात.

हुकला जाणं सोपं आहे. रॉटरडॅमची मेट्रो २०२३पासून थेट समुद्रावर सोडते, आणि गर्दीच्या वेळा टाळल्या तर सायकल बरोबर नेता येते. तिथून पुढे रस्ता शोधायला डोकं लागत नाही. किनाऱ्याने जाणारा लांब पल्ल्याचा मार्ग आहे, एलएफ कुस्टरूट, बेल्जियमच्या हद्दीपासून जर्मनीच्या हद्दीपर्यंत सहाशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही केला तो त्याचा मधला तुकडा. शिवाय नाक्यानाक्यावर आकडे असतात, त्यांना क्नोपपुंट म्हणतात. सकाळी हॅण्डलवर चिकटपट्टी लावून पाच-सहा आकडे लिहायचे आणि एका आकड्यावरून पुढच्या आकड्याकडे जात राहायचं. फोन खिशात.

आता पहिला अपेक्षाभंग. समुद्र दिसत नाही! धागा "डाव्या हाताला समुद्र" असा असला तरी बहुतेक वेळ डाव्या हाताला वाळूच्या टेकड्या असतात आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. ऐकू येतो, वास येतो, ओठांवर मीठ येतं, पण दिसायचा तो गावातल्या समुद्रकाठच्या लांबलचक रस्त्यावर, नाहीतर टेकडीवरून वाळूत उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी. पहिल्या दिवशी मी दर वाटेशी सायकल लावून वर चढून बघत होते. तिसऱ्या दिवशी चढायची गरज उरली नव्हती, आवाजावरूनच भरती-ओहोटी कळायला लागली होती (नवरा म्हणतो, काहीही!).

पहिला दिवस, हुक ते नॉर्डवाइक. उजवीकडे वेस्टलँडची काचघरं, डावीकडे टेकड्या. टेर हायडेच्या पुढे झांडमोटर लागतो, म्हणजे "वाळूचं इंजिन". २०११ मध्ये इथे समुद्रात दोन कोटी पंधरा लाख घनमीटर वाळू एकदम ओतून ठेवली, आणि ती किनाऱ्याने पसरवायचं काम लाटांवर आणि वाऱ्यावर सोपवलं. दरवर्षी जागोजागी थोडी थोडी टाकत बसण्यापेक्षा एकदाच ढीग करायचा, पुढचं समुद्र बघेल. वाळूचा ओढा दक्षिणेकडून उत्तरेकडे. फलक वाचून नवरा म्हणाला, "बघ, वाळूलासुद्धा कळतं कुठल्या दिशेने जायचं."

स्खेवेनिंगेनची गर्दी हातात सायकल धरून पार केली. त्यापुढे मेएन्डेल. या टेकड्या म्हणजे पाण्याचा गाळणा आहे: नदीचं पाणी नळाने आणून इथल्या तळ्यांत सोडतात, ते वाळूतून झिरपतं आणि पुढे डेन हागच्या (म्हणजे हेगच्या) नळाला येतं. म्हणूनच इथे घरं-हॉटेलं झाली नाहीत आणि आपल्याला सायकल चालवायला रान उरलं, असं आपलं मला वाटतं.

दुसऱ्या दिवसाचं सविस्तर लिहिते, कारण खरी मजा आणि खरी फजिती तिथेच झाली.

नॉर्डवाइक ते झांडफोर्ट हा सगळ्या वाटेतला माझा सगळ्यात लाडका तुकडा. टेकड्यांच्या मधून चढउतार करत जाणारी अरुंद वाट, गाडी नाही, घर नाही. पाठीवर वारा. पॅडलला नुसता पाय टेकवला तरी अठरा-वीसचा वेग. वारा पाठीशी असला की तो जाणवत नाही, एकदम शांतता होते आणि माणसाला वाटतं आपण किती दमदार झालोय.

तेवढ्यात मागचं चाक मऊ लागायला लागलं. उतरून बघते तर बसलंय. आम्ही दोघंही अनुभवी (!), ट्यूब बदलली, हवा भरली, वीस मिनिटांत निघालो. तीन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. आता राहिला होता एकच पॅच. या वेळी नवऱ्याने टायर पूर्ण उतरवला आणि आतून रुमाल फिरवला. बोट फिरवू नका, रुमाल फिरवा. एका जागी धागा अडकला. काट्याचं टोक, जेमतेम दोन मिलिमीटर, रबरात रुतून बसलेलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, टायर दाबला की मगच डोकं बाहेर काढायचं. नखाने निघेना, शेवटी माझ्या केसांच्या पिनेने आतून ढकलून काढलं. या टेकड्यांवर काटेरी झुडपं भरपूर आहेत, त्यांची छाटणी झाली की फांद्यांचे तुकडे वाटेवर पडतात. काटा न काढता ट्यूब बदलणं म्हणजे चोराला घरात ठेवून कुलूप बदलणं.

झांडफोर्टला मोटारशर्यतीचा ट्रॅक कुंपणाबाहेरून दिसतो. त्या दिवशी कुठल्याशा गाड्या घरघरत होत्या, आम्ही पळालो. पुढच्या राष्ट्रीय उद्यानात युरोपी गवे आहेत (२००७ मध्ये आणून सोडलेले), आम्हाला एकही दिसला नाही. लांब केसांच्या हायलँड गाई मात्र वाटेच्या बरोबर मधोमध रवंथ करत बसल्या होत्या. घंटी वाजवून उपयोग नाही. उतरायचं आणि गवतातून वळसा घालायचा.

आणि मग आयमाउदनची जहाजांची कुलुपं (लॉक्स, म्हणजे दोन दरवाजांमध्ये जहाज घेऊन पाण्याची पातळी वरखाली करायची जागा). इथे ॲम्स्टरडॅमकडे जाणारा कालवा समुद्राला मिळतो आणि सायकलवाट चक्क त्या कुलुपांच्या दरवाजांवरून जाते, एकामागून एक. २०२२मध्ये सुरू झालेलं नवीन कुलूप ५०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे, जगातलं सगळ्यात मोठं. आम्ही पोचलो आणि फाटक पडलं. जहाज आलं. आलं म्हणजे काय, समोरचं आकाश हळूहळू झाकत गेलं. लोखंडाची भिंत माणसाच्या चालीने सरकत होती, रंगाचे पोपडे मोजता येतील इतक्या जवळून, आणि आवाज जवळजवळ नाहीच. वीस-पंचवीस सायकलवाले एक पाय जमिनीवर टेकवून गप्प उभे होते. त्या अर्ध्या तासाची मला जराही घाई झाली नाही. (घाई असेल तर आतल्या बाजूला व्हेल्झनला फेरीबोट आहे, सायकलला फुकट.)

तिसरा दिवस एग्मॉन्डहून. स्खोर्लजवळ टेकड्या पन्नास मीटरच्या वर जातात, तिथे "पोळपाट" आठवून नवऱ्याने मला दोनदा टोमणा मारला. पुढे काम्परडाउन ते पेटेन, तोच बांध, जिथे ऑगस्टमध्ये नऊच्या वेगाने रडले होते. या वेळी सव्वीस. जागा तीच, सायकल तीच.

प्रचि (फोटो) नंतर टाकते. विचारा काय विचारायचं ते.

आळसेश्वर

भारी! वाचतोय. "चोराला घरात ठेवून कुलूप बदलणं" हे ऑफिसात वापरणार, पंक्चरशी संबंध नसलेल्या बऱ्याच ठिकाणी लागू आहे.

नवशिकी

रानजाईताई, फार छान लिहिलंय. मी आणि बाबा सप्टेंबरात हेच करायचं म्हणतोय. बाबा ६८ वर्षांचे, रोज चालतात, पण सायकल बऱ्याच वर्षांत लांब चालवलेली नाही. इथे भाड्याने घेणार आहोत. ई-बाईक घ्यावी का? आणि वाऱ्याचं एवढं का असतं, जाताना त्रास झाला तर येताना फायदा होतोच ना, हिशोब बरोबर नाही का होत?

दशमान

शेवटच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, क्षमस्व.

हिशोब बरोबर होत नाही. ३० किमी जाताना वारा पाठीशी, वेग २४, म्हणजे सव्वा तास. परत ३० किमी वारा तोंडावर, वेग १२, म्हणजे अडीच तास. एकूण ६० किमीला पावणेचार तास, सरासरी १६. चोवीस आणि बाराची मधली संख्या १८ असली तरी हाती १६च येतात, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही दुप्पट वेळ घालवता. सुख लवकर संपतं.

दुसरं, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो वेग हवेच्या तुलनेतला. तुम्ही १५ने चाललाय आणि समोरून २०चा वारा आहे, तर हवेच्या लेखी तुम्ही ३५ने चाललाय. अडथळा पाच पटींच्या वर. आणि २०चा वारा म्हणजे वादळ नव्हे, हवामानखात्याच्या भाषेत बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) चारची नुसती सुरुवात.

दिलासा एवढाच की हवामानाच्या अंदाजातला वारा दहा मीटर उंचीवरचा असतो. सायकलच्या उंचीवर तो कमी, टेकड्यांच्या आड आणखी कमी. बांधावर मात्र आडोसा शून्य.

जुनीचेन

दशमान यांच्याशी सहमत, एक भर घालतो. या किनाऱ्याची रेघ जवळजवळ दक्षिण-उत्तर आहे, वर जाताना किंचित पूर्वेला झुकते. त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा पाठीशी, पण निव्वळ पश्चिमेचा असला तर तो कुशीत येतो. टेकड्यांमध्ये जिथे खिंड पडते तिथे तो एकदम धक्का देतो आणि दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल फूटभर उजवीकडे सरकते. तिथे हॅण्डल घट्ट आवळू नका, कोपरं सैल ठेवा.

नवशिकी, बाबांसाठी: भाड्याच्या डच सायकलींना बरेचदा उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक असतो. थांबल्यावर पॅडल सोयीचं करायला मागे फिरवायची सवय आपल्या हाडात असते, इथे तसं केलं की चाक जाम. दुकानाच्या आवारात पंधरा मिनिटं चालवून घ्या, नाहीतर हाताच्या ब्रेकची मागून घ्या. आणि गुरं अडवायला वाटेत लोखंडी दांड्यांची जाळी असते, ती सरळ ओलांडायची, तिरकी नाही, त्यावर ब्रेक नाही. पावसात तर अजिबात नाही.

ई-बाईक जरूर घ्या. मोटर २५ पर्यंतच जोर देते, उलट्या वाऱ्यात तुम्ही त्याच्या खालीच असणार, म्हणजे ती पूर्ण वेळ कामाला येईल. पण त्यामुळेच बॅटरीही वेगात उतरेल. दुकानदार सांगेल त्या अंतरावर विसंबू नका.

एकटा_टांगेवाला

मी वेगळं मत मांडतो, हाणा मला.

तुमचा पाठवाऱ्याचा सगळा आग्रह मला पटत नाही. मी हा मार्ग एकदा पाठवाऱ्याने एका दिवसात केला आणि एकदा उलट्या वाऱ्याने चार दिवसांत. पहिल्यातलं मला मीटरवरचे आकडे सोडून काहीही आठवत नाही. दुसऱ्यात दर पाच किलोमीटरला थांबावं लागलं, म्हणून बघितलं. काटवाइकला संपूर्ण पार्किंग टेकडीच्या पोटात आहे आणि टेकडीच्या पोटात बांधही आहे, वरून नुसतं गवत. हे कळलं कारण तिथे आडोशाला बसलो होतो. वाइक आन झेला जानेवारीत बुद्धिबळाची मोठी स्पर्धा होते, आनंद पाच वेळा जिंकलाय, त्या छोट्याशा गावात तासभर काढला तो वाऱ्याने दम काढला म्हणून.

शिवाय डच लोक उलट्या वाऱ्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवतात. झेलँडच्या समुद्रबांधावर, साडेआठ किलोमीटर, सगळ्यांना सारख्या, बिनगिअरच्या उभ्या सायकली, आणि वारा किमान सातचा असेल तरच. वादळाचा अंदाज आला की दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात.

रानजाई

@नवशिकी, ताई नको, नुसतं रानजाई. बाबांना घेऊन जाताय, मस्तच. रोज ४०च्या वर ठेवू नका, पाच दिवस लावा. ट्रेनने सायकल न्यायची तर शनिवार-रविवार कधीही चालते, इतर दिवशी सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ सोडून, आणि सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. कास्ट्रिकमच्या बाजूच्या राखीव टेकड्यांत सायकलवाल्यांनाही प्रवेशतिकीट लागतं, तिथे यंत्र असतं. आम्ही तपासणी होणार नाही म्हणून विसरलो नाही, खरंच विसरलो होतो आणि अर्धा किलोमीटर मागे गेलो.

@एकटा_टांगेवाला, चार दिवस असते तर मीही तुमच्यासारखं तत्त्वज्ञान सांगितलं असतं. आमच्याकडे तीन दिवस आणि घरी मांजर होती. पण काटवाइकच्या पार्किंगवरून आम्ही सायकल चालवत गेलो आणि कळलंसुद्धा नाही, हे कबूल.

हिरवळ

वाचून फार इच्छा झाली. एक शंका, नकाशात झांडफोर्टच्या खाली मोठं हिरवं रान दिसतंय, त्यातून आडवं जाता येईल का? अंतर वाचेल असं वाटतं.

जुनीचेन

नाही. ते ॲम्स्टरडॅमच्या पिण्याच्या पाण्याचं रान, १८५३ पासून शहराला तिथून पाणी जातं. आत सायकलला बंदी आहे, पायी फिरा. हरणं भरपूर आहेत. तुमची वाट समुद्राच्या बाजूने, रानजाईंनी लिहिली तीच.

आणखी एक, रानजाईंनी लिहिलं नाही म्हणून. वाळू. वाऱ्यानंतर समुद्रकाठच्या रस्त्याच्या वळणावर वाळूचा थर असतो, रांगोळी टाकल्यासारखा पातळ. दिसत नाही आणि पुढचं चाक त्यावर सटकतं. वळायच्या आधी वेग कमी करा, वळताना ब्रेक नको. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल. उद्या करू म्हटलं की परवा तांबूस होते.

रानजाई

@जुनीचेन, लिहिलं नाही कारण मी स्खेवेनिंगेनला बरोब्बर तशीच पडले आणि धाग्यात सांगायची लाज वाटली. गुडघा आता बरा आहे.

आळसेश्वर

पुढे टेसलला का नाही गेलात? डेन हेल्डरहून फेरी वीस मिनिटांची आहे ना.

रानजाई

मांजर.

दशमान

नवशिकी, तुम्ही सप्टेंबर म्हणालात ते ठीक. कुणी वसंतात जाणार असेल तर सांगून ठेवतो, एप्रिल-मेमध्ये ईशान्येचे वारे बरेच दिवस टिकतात. तेव्हा डेन हेल्डरहून सुरुवात करायची. म्हणजे रानजाईंचा ऑगस्टमधला बेत चुकीचा नव्हता, फक्त आधी बुक केलेला होता.

नवशिकी

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा वर काढतेय. आमचा मुहूर्त सप्टेंबरचा होता, तो बाबांच्या दाताच्या कामामुळे पुढे गेला आणि शेवटी मेमध्ये आलो. परवा अंदाज बघितला, ईशान्य. हुकच्या खोल्या रद्द केल्या, ट्रेनने डेन हेल्डर गाठलं, आणि आता समुद्र उजव्या हाताला आहे. बाबांनी ई-बाईक घेतली, मी साधी, त्यामुळे ते पुढे आणि मी मागे. उलट्या पॅडलचा ब्रेक पहिल्या दिवशी दोनदा लागला, दोन्ही वेळा उभ्या जागी, पडले नाहीत. रुमाल आणि केसांची पिन दोन्ही बरोबर आहे, अजून गरज पडलेली नाही.

आत्ता आयमाउदनला फाटक पडलंय म्हणून लिहायला वेळ मिळाला. जहाज दहा मिनिटं झाली सरकतंय. बाबा म्हणतायत, नाव वाच, कुठलं आहे बघ. नाव पुढे निघून गेलं, आता नुसती निळी भिंत दिसतेय.